हत्ती, गाढव आणि कावळा

ऊन डोक्यावर आलं तरी कावळा पिंडाला शिवेना. बरं, कावळ्यांची वानवा होती म्हणावं, तर तसंही नाही. सिडनीतल्या गिरावीनच्या त्या घराच्या मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या गोल फिरत्या स्टँडवर, कुंपणावर, गराजच्या पत्र्यावर, जिथं म्हणून पाय टेकायला जागा होती तिथं कावळे बसले होते. इथले कावळे आपल्याकडच्यांपेक्षा थोराड, तुकतुकीत काळे, आणि डोळे पांढरे. एरवी तान्हं पोर कळवळून रडावं तसा गळा काढतात. पहाटे झोपमोड झाली की चारुता त्यांना मनसोक्त शिव्या घालायची. आज एकानेही चोच उघडली नव्हती.

चारुताच्या वडिलांचा, विलासराव आठल्यांचा, आज दहावा दिवस होता. केळीच्या पानावर भाताचा पिंड, त्यावर काळे तीळ, शेजारी पाण्याचा द्रोण, सगळं यथासांग मांडलेलं. सकाळपासून भात उघड्यावर होता, पण एक मुंगी त्याच्याकडे फिरकली नव्हती. ही गोष्ट चारुताच्या लक्षात आली आणि तिने ती कुणाला सांगितली नाही. पानाच्या चारी बाजूंनी मुंग्यांची रांग वळसा घालून जात होती, रस्त्यात कुणी बसलं असलं की आपण बाजूने जातो तशी.

"होतं असं कधीकधी," नचिकेत गुरुजी म्हणाला. एरवी हा पॅरामॅटाच्या एका ऑफिसात डेटाबेस सांभाळायचा. आज अॅन्युअल लीव्ह टाकून सोवळं नेसून आला होता. "त्यांची काही इच्छा राहिली असेल. घरच्यांनी सांगावं, की अमुक करू, तमुक करू. मग शिवतो."

सांगून झालं होतं. नेहमीची सगळी वचनं देऊन झाली होती. आईला अंतर देणार नाही, झालं. नातीला डॉक्टर करू, झालं. त्यावर मितालीने कपाळाला आठ्या घातल्या, तेही झालं. कावळे नुसते बघत होते.

कपड्यांचा स्टँड हळूच फिरला. वारा अजिबात नव्हता.

अंगणाच्या एका टोकाला चारुताचा थोरला भाऊ शैलेंद्र उभा होता, दुसऱ्या टोकाला धाकटा हृषिकेश, आणि दोघांच्याही हातात फोन. योग असा, की बाबांचा दहावा आणि अमेरिकेतली मतमोजणी एकाच मुहूर्तावर आली होती. तिथं मंगळवारची रात्र, इथं बुधवारचा दिवस. थोरला ह्यूस्टनचा, हत्तीवाल्या पक्षाचा. धाकटा न्यू जर्सीचा, गाढववाल्या पक्षाचा. दोघेही एकाच आईच्या हातचं थालीपीठ खाऊन वाढलेले, आणि अमेरिकेचं नागरिकत्व घेताना दोघांनीही तीच शपथ तशाच पाठ केलेल्या इंग्रजीत घेतलेली. दूध महागलं ही दोघांचीही तक्रार, आणि ते कुणामुळे महागलं ह्यावर दोघांचंही मत पक्कं. जगाला लोकशाही शिकवायला निघालेल्या देशात निवडायला पक्ष दोनच. आपल्याकडे तेवढे एका गल्लीत असतात आणि निवडणुकीनंतर एकमेकांत मिसळूनही जातात. तिथं ती सोय नाही. तिथं एकदा माणूस हत्तीचा झाला, की गाढवाच्या घरचं पाणीही त्याला चालत नाही.

भांडणाचं मूळ म्हणजे एक पाटी. काही वर्षांपूर्वी हृषिकेश दिवाळीला ह्यूस्टनला गेला होता. भावाच्या हिरवळीवर हत्तीवाल्यांची पाटी दिसली, आणि पहाटे उठून त्याने ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. शैलेंद्रने काय करावं? लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सख्ख्या भावाची बॅग उचलली आणि रस्त्यावर नेऊन ठेवली. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. घरचा व्हॉट्सअॅप ग्रूप फुटून दोन झाले, 'आठल्ये परिवार' आणि 'आठल्ये परिवार ओरिजिनल'. दोन्हींत होते ते फक्त बाबा.

चारुता मधली. सिडनीच्या एका कौन्सिलमध्ये इमारतींची तपासणी करणं हे तिचं काम. हा खांब चालेल, हा पाडा, असं ती बिल्डरच्या तोंडावर सांगायची, आणि घरातही तिची जीभ त्याच मापाची होती. ह्या भांडणाबद्दल तिचा निकाल कधीच लागला होता. पाटी टाकली ती चूक हृषीची. पण भावाची बॅग रस्त्यावर ठेवली ती चूक मोठी, आणि ती दादाची. आज विधी आटोपले की दोघांना समोरासमोर बसवून ती हे सांगणार होती. उद्या दोघांची विमानं होती. आज नाही सांगितलं, तर परत हे दोघे एका छपराखाली येणार ते आईच्या दहाव्यालाच, हे तिला दिसत होतं आणि त्याची तिला भीती वाटत होती.

पण त्याआधी कावळा शिवायला हवा होता. कारण व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तिची आई, चित्राबाई, बसल्या होत्या, आणि कावळा शिवल्याशिवाय त्या घास घेणार नव्हत्या. रोजच्या सवयीने सकाळी इन्सुलिन मात्र घेऊन बसल्या होत्या.

"आजी, प्लीज, जस्ट वन सिप," मिताली ज्यूसचा ग्लास घेऊन उभी होती. आजीच्या दंडावरच्या सेन्सरचे आकडे तिच्या फोनवर दिसायचे. "मम, शुगर खाली चाललीये. बाण सरळ खाली आहे."

"आई, हा हट्ट बरा नाही," चारुता म्हणाली. "बाबांनी ओरडून घर डोक्यावर घेतलं असतं."

"त्यांना आधी जेवू दे," आई म्हणाली. तिच्या ओठावर घाम आला होता. "मग मी."

शैलेंद्रने फोन खिशात टाकला, घसा साफ केला आणि तो पानापाशी गेला. "बाबा," तो मोठ्यांदा म्हणाला, "मला माहितीये तुमचा जीव कशात अडकलाय. काळजी करू नका. आपणच जिंकतोय. पहिली राज्यं आपली आलीत."

स्टँडवरचा एक कावळा खाली उतरला. उडाला नाही, फांदीवरून पिकलेलं फळ पडावं तसा सरळ खाली आला. दोन उड्या मारून पुढे झाला आणि त्याने मान वाकडी केली. उजवी बाजू शैलेंद्रकडे केली.

चारुता एक पाऊल मागे सरकली. बाबांना डाव्या कानाने ऐकू यायचं नाही.

"ताई," दुसऱ्या टोकाकडून हृषिकेश कडाडला, "त्यांना विचार, आपण म्हणजे कोण? बाबा कधीपासून ह्यांचे झाले?"

"चारू, त्याला सांग, बाबा पहिल्यापासून आमचेच होते. रोज सकाळी फोनवर बोलायचो मी. ते म्हणायचे, शैलू, हत्ती म्हणजे साक्षात गणपती. ज्या पक्षाने गणपती चिन्ह घेतलं तो वाईट कसा असेल?"

"काहीतरीच!" हृषिकेश पुढे आला. "मी रोज रात्री बोलायचो. मला म्हणायचे, हृषी, हत्ती पोसावा राजाने. आपण पडलो साधी माणसं. गाढव निमूट ओझं वाहतं, आपल्यासारखंच. बाबा, तुम्ही ह्याचं मनावर घेऊ नका. अजून शहरांतली मतं मोजायची आहेत. थोडा धीर धरा."

कावळ्याने मान फिरवली. आता उजवी बाजू हृषिकेशकडे. तो दोन उड्या त्याच्याकडे गेला आणि थांबला. पान दोघांच्या बरोबर मध्ये राहिलं.

"चारू, बघितलंस? आधी माझ्याकडे आला," शैलेंद्र म्हणाला.

"आधी तुझ्याकडे. मग माझ्याकडे," हृषिकेश म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने भावाला उद्देशून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही मोजणीबद्दलच. चारुताला क्षणभर आशा वाटली. पण दोघांनीही लगेच तोंडं फिरवली.

"लाज वाटते का रे तुम्हाला?" ती म्हणाली. "मेलेल्या माणसाचं मत पळवायला निघालात? ज्याला जिवंतपणी तिथं मत नव्हतं, त्याचं?"

"काकू," नचिकेत आईकडे वळून चाचरत म्हणाला, "शास्त्रात सोय आहे. दर्भाचा कावळा करायचा आणि तो शिववायचा. सगळे करतात. नो वरीज."

"शास्त्रात असेल," आई म्हणाली. "इतके खरे समोर बसलेत, आणि मी गवताचा करू?"

खरंच बसले होते. आणि चारुताला आता नीट दिसलं ते कसे बसले होते ते. अर्धे डावीकडच्या कुंपणावर, अर्धे उजवीकडच्या. तोंडं एकमेकांकडे. मध्ये अंगण मोकळं, आणि त्यात तो एकटा, एकदा इकडे मान वळवणारा, एकदा तिकडे. शेजारचा कुत्रा एरवी पान हललं तरी भुंकतो. तो दाराशी पोट टेकून पडला होता आणि कान मागे घेऊन थरथरत होता. रस्त्यावरून एक गाडी गेली ती आवाज न करता गेल्यासारखी वाटली. नचिकेतने जानवं बोटाभोवती गुंडाळलं आणि परत सोडलं. "मी इतके दहावे केले," तो पुटपुटला, "पण हे असं..."

मितालीच्या फोनने चिरका आवाज काढला. "मम! चारच्या खाली गेली!" इथल्या मापाने चार म्हणजे आपल्याकडचे सत्तर, त्याखाली धोका.

आईचे हात खुर्चीच्या दांड्यावर कापत होते. डोळे मात्र लख्ख होते आणि ते कावळ्यावर नव्हते. ते आळीपाळीने दोन्ही मुलांकडे बघत होते, कशाची तरी वाट बघितल्यासारखे.

"ट्रिपल झीरोला फोन कर, अँब्युलन्स बोलाव," चारुता मितालीला म्हणाली.

"केलास तर मी ह्या घरात पाणीसुद्धा पिणार नाही," आई म्हणाली. जीभ जड झाली होती, पण शब्द स्पष्ट होते.

"आई, ऐक ना," शैलेंद्र काकुळतीला आला.

"आई, प्लीज," हृषिकेश म्हणाला.

"मला नका सांगू," आई म्हणाली. "तिकडे सांगा."

दोघेही पानाकडे वळले. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. दोघांनीही तोंड उघडलं, आणि त्याच वेळी दोघांच्याही हातातले फोन एकदम थरथरले. कुठल्यातरी राज्याचा निकाल लागला होता. अर्धा क्षण, फक्त अर्धा क्षण, पण दोघांचीही नजर खाली गेली. ही सवय अशी असते. घर जळत असलं तरी माणूस आधी आकडा बघतो.

चारुताचा धीर सुटला. तिला एकदम सगळं कळलं. इतका वेळ कसं कळलं नाही ह्याचंच तिला नवल वाटलं. बाबांना ना हत्ती हवा होता, ना गाढव. बाबांना एवढंच हवं होतं, की सकाळचा फोन आणि रात्रीचा फोन चालू राहावा. दोन गावांच्या मधली ती होडी कुणीतरी वल्हवत राहावी. ज्याला जे ऐकायचं ते ऐकवावं, म्हणजे हा अगदी तुटणार नाही आणि तोही नाही. आता ते कोण करणार, ह्यावर त्यांचा जीव टांगला होता.

तिने डोळे मिटले. ओठ हलवले नाहीत. मनातल्या मनात म्हणाली, बाबा, मी करीन. दोघांनाही त्यांचंच बरोबर आहे म्हणून सांगेन. मरेपर्यंत सांगेन. आता आईला सोडा.

तिचं म्हणणं पुरं व्हायच्या आधीच तिच्या मानेवर काटा आला. तिने डोळे उघडले. दोन्ही कुंपणांवरचे सगळेच्या सगळे कावळे माना वळवून तिच्याकडे बघत होते. पांढऱ्या डोळ्यांची ती दुहेरी रांग. अंगणातला तो एकटा पानाकडे चालत गेला. घाई नाही, भूक नाही. जेवायला बोलावल्यावर हात धुऊन पाटावर येणाऱ्या माणसासारखा गेला. पिंडात चोच बुडवली. एक घास घेतला. तिच्याकडे उजवी बाजू करून एकदा पाहिलं.

आणि सगळे एकदम उडाले. इतक्या पंखांचा आवाज व्हायला हवा होता, तो झाला नाही. अंगणावरून फक्त सावली सरकली आणि ऊन परत आलं. शेजारचा कुत्रा उठून जीव खाऊन भुंकायला लागला. पानावर मुंग्या चढल्या.

"शिवला! शिवला!" नचिकेतने हात जोडले. त्याच्या कपाळावर घामाच्या धारा होत्या. मितालीने आजीच्या ओठांना ग्लास लावला, आणि ह्या वेळी आजीने तोंड उघडलं.

"मी सांगितलं ना, बाबांना तेच ऐकायचं होतं," शैलेंद्र डोळे पुसत म्हणाला.

"तू नव्हे, मी बोलल्यावर आला तो," हृषिकेश म्हणाला. "ताई, तू साक्षी आहेस."

बघता बघता जुंपली. कावळा कुणाच्या वचनाला शिवला, ह्याची फेरमोजणी सुरू झाली. नचिकेतने दक्षिणा घेतली आणि चपला हातात घेऊनच तो गाडीकडे पळाला. थोड्या वेळाने दोघे भाऊ आत गेले, एक पुढच्या खोलीत, एक गेस्टरूममध्ये. दोन टीव्ही लागले, दोन वाहिन्या, आणि दोन्हीकडून एकाच देशाच्या दोन वेगळ्याच बातम्या घरभर घुमायला लागल्या.

चारुताने आईपुढे ताट ठेवलं. वरण-भात, वर साजूक तूप. आईच्या हातातला कंप ओसरला होता. तिने दोन घास खाल्ले आणि लेकीकडे पाहिलं.

"काय सांगितलंस त्यांना?"

"कुणाला? मी कुठं बोलले?"

"चारू."

चारुताने तिच्या भातावर आणखी तूप वाढलं.

"कशाला बोललीस गं?" आई म्हणाली. "मी थांबले होते की. आज मी काही झालं तरी उठणार नव्हते. वाटलं, आई डोळ्यांदेखत चाललीय म्हटल्यावर दोघांपैकी एक तरी दुसऱ्याकडे वळेल. वळले असते. तोंड उघडलं होतं दोघांनी."

"तुझी शुगर चारच्या खाली होती, आई! मी काय बघत बसणार होते?"

"तुझे बाबाही असंच म्हणाले होते," आई म्हणाली. "तुझ्या आजोबांच्या दहाव्याला. चिपळूणला, नदीवर. मी नवी नवरी होते, आणीबाणी संपत आली होती. थोरले भाऊजी काँग्रेसचे, धाकटे जनतावाले, तुरुंगातून सुटून आलेले. एकमेकांचं तोंड बघत नव्हते. कावळा शिवेना. सासूबाई उन्हात बसून राहिल्या, डोळे फिरवले त्यांनी. हे मधले. मध्येच ह्यांनी डोळे मिटले, आणि तो आला." तिने भातावरून बोट फिरवलं. "त्याआधी हे फार बोलायचे गं. फाटक्या तोंडाचे म्हणून अख्खी आळी ओळखायची, तुझ्यासारखेच. त्या दिवसापासून ह्यांचं स्वतःचं मत असं मी कधी ऐकलं नाही. इथंसुद्धा मत देऊन यायचे, मतदान केंद्राबाहेर विकतात तो पावात घातलेला परतलेला कांदा खात खात. कुणाला दिलंत विचारलं, की नुसते हसायचे. मला वाटायचं, स्वभाव. मग एका रात्री मी फार मागे लागले. तेव्हा रडले. म्हणाले, चित्रा, सांगायला जातो, पण येतच नाही."

चारुताला हसू यायला हवं होतं. म्हातारीचं आपलं काहीतरी, असं ती एरवी म्हणाली असती. ती उठली आणि तिने सिंकचा नळ उगाचच सोडला. दोन्ही टीव्ही आता एकदम ओरडत होते.

मिताली स्वयंपाकघरात आली आणि फ्रिज उघडून उभी राहिली. "मम, ऑनेस्टली, दिस इज सो वीअर्ड. ते दोघं स्टिल बोलत नाहीयेत. ती पाटी आणि ती बॅग. फॉल्ट कोणाचा होता, रिअली?"

उत्तर तयार होतं. गेली कित्येक वर्षं तयार होतं. पाटी टाकली ती चूक हृषीची, पण मोठी चूक दादाची. चारुताने नळ बंद केला, मुलीकडे वळली आणि तोंड उघडलं.

"दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे गं," ती म्हणाली.

आवाज तिचाच होता. बोलताना तिची मान किंचित वाकडी झाली होती. तिने ती सरळ केली, घाईने श्वास घेतला आणि परत सुरुवात केली. "मोठी चूक..." पुढचं नाव जिभेवर होतं. तिने जोर लावला, दात आवळले. घशातून एक लांब, बारीक, रडका सूर निघाला आणि ती खोकत सुटली.

"ओके, व्हॉटेव्हर," मिताली म्हणाली आणि दही घेऊन निघून गेली.

चारुता ओट्याला धरून उभी राहिली. पुढच्या खोलीतून दादाने हाक मारली, "चारू, इकडे ये जरा, मी काय म्हणतो ते तूच सांग बरोबर आहे की नाही." लगेच गेस्टरूममधून हृषीची आली, "ताई, आधी इकडे!"

आईने ताट तिच्याकडे सरकवलं. तुपाचा घास कालवला, आणि लहानपणी भरवायची तसा लेकीच्या तोंडाशी धरला. आईचे डोळे वाहत होते, पण हात आता अगदी स्थिर होता.

"खाऊन घे," ती म्हणाली. "मग जा. आधी दादाकडे जा, तो मोठा आहे."